भीतीशिवाय शिकणं: कोकणातल्या पालक-शिक्षकांकडून वारंवार येणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर इकडचे पालक, शिक्षक, मधूनमधून एखादी आजीसुद्धा, फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सगळं वाचायलाच पाहिजे असं नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, जिथे दुसऱ्या उत्तराची गरज आहे तिथे नंबर दिलाय.

१. सर्वांगीण शिक्षण म्हणजे नक्की काय? अभ्यासासोबत कराटे, तबला, अबॅकस लावलं की झालं का?

नाही, तेवढ्याने होत नाही. क्लास वाईट नाहीत, पण चार क्लास लावले आणि पोराच्या मनात काय चाललंय हे घरात कुणीच विचारत नसेल तर त्याच्या डोक्यावरचं काम फक्त वाढतं. डोकं, हात, शरीर, मन, आजूबाजूची माणसं, झाडं-पाणी हे सगळं एकाच मुलाचं आहे हे धरून शिकवणं म्हणजे सर्वांगीण. आजोबांजवळ बसून सुपारी सोलताना पोर मोजायला शिकतं, हात कापेल म्हणून जपतं, मधेच कंटाळतं, आजोबांचे हात एवढे भरभर कसे चालतात ते बघतं, आणि आपल्याला हे लवकर जमत नाही म्हणून चिडतंही. शाळेत यातली मोजणी तेवढी येते आणि चिडणं, कंटाळणं, जपणं हे सगळं बाहेर राहतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे, त्यात शिक्षकांसोबत मुलाने स्वतःबद्दल आणि सोबत्यांनी एकमेकांबद्दल काय वाटतं तेही सांगायचं आहे. कागदावर का होईना, गोष्ट आलीये.

२. धाक नसेल तर पोरं अभ्यास करतीलच कशाला? आम्ही पण मार खाऊनच शिकलो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. धाकाने काम होतं, हे खरंय, आणि म्हणूनच तो सोडवत नाही. पण छडीखाली पोर नेमकं काय शिकतं ते नीट बघा, गृहपाठ दुसऱ्याचा उतरवून काढायला शिकतं, प्रगतिपुस्तक लपवायला शिकतं, बाबांचा मूड कसाय ते दारातूनच ओळखायला शिकतं. सगळं लक्ष मार चुकवण्यावर असतं, गणितावर उरतं किती? घाबरल्यावर छाती धडधडते, हात गार पडतात, आणि दोन-तीन गोष्टी एकावेळी डोक्यात धरून विचार करायची ताकद कमी होते, ते शरीराचं कामच आहे, संकटातून पळायची तयारी. त्या तयारीत भागाकार कसा होणार?

आता गावच्या भजनात पखवाजावर बसणारं दहा-बारा वर्षांचं पोर आठवा. रात्री बारापर्यंत डबलबारी (दोन बुवांच्या भजनाचा सामना) ऐकतं, बुवांचे बोल मांडीवर वाजवत बसतं, चुकलं की पुन्हा वाजवतं. त्याला कुणी मार्क देत नाही.

एक मात्र आधीच सांगतो. धाक काढला की सुरुवातीला काही दिवस, कधी काही महिने, पोर खरंच अभ्यास टाळतं. आतापर्यंत ते फक्त धाकावरच चाललेलं असतं त्यामुळे दुसरं इंजिन अजून तयार नसतं. बरेच पालक इथेच घाबरतात आणि पुन्हा छडी काढतात, आणि मग 'करून बघितलं, जमत नाही' म्हणतात. (मोकळीक किती द्यायची ते प्रश्न १० मध्ये.)

३. 'स्वतःला समजणं' हे सात वर्षांच्या मुलाला कसं शिकवणार? ध्यानाला बसवायचं का?

बसवू नका. जबरदस्तीने डोळे मिटून बसलेलं पोर फक्त कधी उठायचं तेवढंच बघत असतं.

स्वतःला समजणं म्हणजे आत्ता मला राग आलाय, मला हेवा वाटतोय, मी खोटं बोललो कारण मला भीती वाटली, हे दिसणं. सात वर्षांच्या मुलाला हे दिसतं, आपल्यापेक्षा लवकर दिसतं, फक्त बोललं की आपण लगेच निकाल देतो. 'असं वाटू नये', 'शहाणी मुलं हेवा करत नाहीत', 'एवढ्याला काय घाबरायचं, मुलगा ना तू?' झालं, पुढच्या वेळेपासून पोर ते लपवतं, आधी आपल्यापासून आणि मग स्वतःपासून. म्हणून पहिलं काम एवढंच की मूल काही बोललं की थोडं थांबायचं, उपदेश करायचा नाही, हसायचं नाही, ती गोष्ट घरी येणाऱ्या पाहुण्यांना सांगायची नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, 'आमच्या बायला ना, अंधाराची भीती वाटते' असं चार माणसांत हसत सांगितलं की तिची बोलायची वाट बंद.

दुसरं, रोज थोडा वेळ काहीही न करता बसणं. आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेत संध्याकाळी मुलं गप्प बसून सूर्यास्त बघतात, त्याला ते अस्ताचल म्हणतात. आपल्याला तर समोर समुद्र आहे, नसेल तर पडवी आहे. मोबाइल घरात ठेवून मुलासोबत पंधरा मिनिटं बसा. 'आता काय वाटलं सांग' असं विचारू नका, त्याची परीक्षा करू नका. कधीतरी आपणहून बोलतात पोरं, आणि जे बोलतात ते ऐकून आपल्यालाच गप्प व्हायला होतं.

तिसरं, तुम्ही स्वतःबद्दल खरं बोला. 'आज मला ऑफिसात बोलणी बसली म्हणून मी तुझ्यावर ओरडले' हे आईने सांगितलं की पोराला कळतं की राग असा इकडून तिकडे जातो. याहून चांगला धडा कुठल्या पुस्तकात नाही.

४. हे सगळं कृष्णमूर्तींचं आहे ना? म्हणजे पंथ वगैरे?

या विचाराला सगळ्यात जास्त खोलात नेलं ते विचारवंत जे. कृष्णमूर्तींनी, हे बरोबर. जन्म १८९५, आंध्रातल्या मदनपल्लीचा. त्यांना जगद्गुरू म्हणून पुढे आणण्यासाठी एक मोठी संघटना उभी केली होती, ती त्यांनी १९२९ मध्ये हॉलंडमधल्या ओमेनला स्वतःच बरखास्त केली आणि पुढे १९८६ मध्ये जाईपर्यंत गुरू नको, अनुयायी नको असंच सांगत राहिले. त्यामुळे पंथ म्हणाल तर त्यांचाच त्याला विरोध. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की तुलना, बक्षीस, शिक्षा आणि अधिकार यांतून भीती तयार होते आणि घाबरलेल्या मनाला शिकता येत नाही, मग ते मन मुलाचं असो की मास्तरांचं.

पण हे फक्त त्यांचंच नाही. आपल्या रायगडातल्या गागोद्याचे विनोबा, त्यांनी रचलेल्या एकादश व्रतांच्या श्लोकात सत्य-अहिंसेसोबत भयवर्जनही आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी सुरूच होते अभयापासून. तुम्ही देव मानता की नाही याचा इथे संबंध नाही.

५. अशा शाळा महाग असतात. आमची जिल्हा परिषदेची शाळा, आम्ही काय करणार?

कृष्णमूर्ती फाउंडेशनची महाराष्ट्रातली निवासी शाळा म्हणजे पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरजवळची सह्याद्री स्कूल, १९९५ पासूनची. सगळ्यांना ते परवडणारं नाही आणि मुलाला एवढं लांब ठेवणंही सगळ्यांना पटणारं नाही.

पण कोकणच्या किनाऱ्यावर हे काम झालंय आणि तेही सगळ्यात गरीब मुलांसोबत, हे आपण विसरलोय. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतायत आणि तिथेच शिकणं चाललंय. साधनं कसली तर शिंपले, बिया, दगड, पानं. मूल शाळेला घाबरत असेल तर मुलाला ओढून आणू नये, शाळेने बदलावं, हे त्यांनी करून दाखवलं. तेव्हा झेडपीच्या शाळेत होणार नाही असं म्हणायला मला तरी जागा दिसत नाही. उलट पट कमी, गुरुजींना प्रत्येक पोराचं घर माहीत, शाळेमागे परडं, ही आपली जमेची बाजू आहे.

६. शाळेत सर मारतात. तक्रार केली तर पोराला अजून त्रास होईल म्हणून गप्प आहोत. कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. म्हणजे छडी तर नाहीच, वर्गासमोर 'ढ' म्हणून उभं करणंही नाही. आणि कलम २९ वाचा जरूर, अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसं असावं ते सांगताना तिथे स्पष्ट लिहिलंय की मुलाला भीती, धक्का आणि चिंता यांपासून मुक्त करायचं आणि मोकळेपणाने मत मांडायला मदत करायची. म्हणजे आपण जे मागतोय ते कायद्यातच आहे, कुणाचे उपकार नकोत.

आधी एकटे न जाता दोन-तीन पालक मिळून सरांशीच बोला, आवाज न चढवता. बरेचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर शाळा व्यवस्थापन समिती, त्यात किमान तीन चतुर्थांश पालकच असतात, मग केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, सगळं लेखी. त्यावर राज्याचा बालहक्क संरक्षण आयोग आहे. मुलाला जखम झाली असेल किंवा लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर ही पायरी-पायरी सोडा आणि थेट प्रश्न १६.

७. कोकण बोर्ड दरवर्षी दहावीला राज्यात पहिलं येतं. मग आमच्या पद्धतीत चूक काय आहे?

चूक म्हणत नाही. २०१२ पासून कोकण विभाग पहिला येतोय, २०२४ ला तर ९९.०१ टक्के, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शिक्षकांची आणि मुलांची ती मेहनत आहे आणि अभिमान वाटायलाच पाहिजे. पण शंभरातली नव्व्याण्णव पास होतात त्या गावात शंभरावा मुलगा निकालाच्या दिवशी कुठे असतो, घरात त्याच्याशी कोण बोलतं? आणि पास झालेल्यांतली किती जणं अकरावीला काय घ्यायचं हे स्वतः ठरवतात? 'सायन्स घे, बाकीच्यात काय नाय' म्हटलं की घेतलं सायन्स. दहा वर्षं शाळेत काढून मला काय आवडतं हे एकदाही स्वतःला विचारायला मिळालं नसेल तर तेवढं राहूनच गेलंय, टक्के कितीही असोत.

८. मुलीला घरी सगळं येतं, पेपरात डोकं एकदम ब्लँक. काय करू?

प्रश्न २ मध्ये शरीराचं जे लिहिलंय तेच पेपरात होतं. 'घाबरू नकोस' म्हणण्याने भीती जात नाही, उलट घाबरणं हाही आता गुन्हा झाला असं तिला वाटतं. त्यापेक्षा भीती नेमकी कसली आहे ते तिच्यासोबत बसून शोधा. पेपरची नसतेच बहुतेक वेळा. कमी मार्क पडले तर बाबा दोन दिवस बोलणार नाहीत, बाई सगळ्यांसमोर मार्क वाचतील, मावसबहिणीला जास्त पडतील, अशी काहीतरी ठरावीक गोष्ट असते आणि त्यातली अर्धी तुमच्या हातात असते. बाबांनी निकालाआधी, परीक्षेच्याही आधी, सांगून टाकावं की मार्क कितीही पडले तरी त्या दिवशी आपण नेहमीसारखे एकत्र जेवणार, आणि तसं वागावंही.

बाकी साधे उपाय: घरी वेळ लावून दोन-तीन जुने पेपर सोडवणं, हॉलमध्ये सोपा प्रश्न आधी घेणं, ब्लँक झालं तर पेन खाली ठेवून पाच-सहा वेळा श्वास सावकाश सोडणं. रात्रीची झोप मोडून अभ्यास नको.

९. आजी पोराला जेवताना 'गप रव, नायतर देवचार येतलो' म्हणते. एवढं चालतं ना?

आजीवर रागवू नका, तिला पण तसंच वाढवलंय. पण सांगा तिला, कारण ती भीती जेवणापुरती राहत नाही, ते पोर पुढे संध्याकाळी एकटं न्हाणीघरात जात नाही. आणि देवचार तर आपल्याकडे गावचा राखणदार, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा, त्याचा बागुलबुवा कशाला करायचा? आजीकडे गोष्टींचा साठा असतो, तिला त्या गोष्टी पूर्ण सांगायला लावा. गोष्टीतली भीती पोरांना आवडते, आजीच्या कुशीत बसून ऐकायची असते ती. धमकीतली भीती वेगळी.

१०. भीती नको म्हणजे पोराने भरतीत उडी टाकायची, फुरशाला हात लावायचा? आणि शिस्तीचं काय?

समोर फुरसं दिसल्यावर मागे सरणं ही अक्कल आहे, ती पाहिजेच. दर्यावर जाणाऱ्या घरातली पोरं बघा, पाण्यात बिनधास्त असतात आणि तरी जून-जुलैत होड्या का ओढून ठेवतात ते त्यांना माहीत असतं, खवळलेला दर्या आणि माशांच्या विणीचे दिवस. माहिती असली की सावधपणा येतो. माहिती नसली की एक तर घाबरगुंडी किंवा नको ते धाडस, आणि किनाऱ्यावर बुडणाऱ्यांत बाहेरून आलेले जास्त दिसतात ते यामुळेच. विंचवाचंही तसंच झालं. लाल विंचू चावला की माणसं मांत्रिकाकडे धावायची आणि पोरं दगावायची, महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी एकेक पेशंट रात्र-रात्र बसून बघितला, विषाने शरीरात काय होतं ते नोंदवलं, प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि मृत्यू खूप कमी झाले. जिची भीती वाटते ती गोष्ट नीट बघणं म्हणजे हेच.

शिस्तीचं म्हणाल तर मोकळीक म्हणजे कुणीही काहीही करणं नव्हे. मोबाइल रात्री जेवणानंतर बंद, हा नियम असू शकतो, फक्त तो बाबांनाही लागू पाहिजे आणि का ते मुलाला विचारता आलं पाहिजे. नियम मोडला तर त्याचा जो खरा परिणाम आहे तो होऊ द्या (उशिरा झोपलास, सकाळी डोळे उघडत नाहीत), वरून वेगळी शिक्षा लावू नका. रस्ता, समुद्र, वीज, औषधं इथे मात्र चर्चा नंतर, आधी हात धरून मागे ओढा.

११. गणपतीला मुंबईची चाकरमानी मंडळी येतात आणि मुलांच्या मार्कांची तुलना सुरू होते. कसं थांबवू?

'आमचा फाडफाड इंग्लिश बोलतो, तुमचा अजून मराठी मीडियममध्येच?' हे दरवर्षीचं आहे. पाहुण्यांना बदलता येणार नाही, पण तिथेच मुलासमोर 'आमचं ते बरं चाललंय' म्हणून विषय बदलता येतो. आपलं पोर हळू आवाजात का होईना आपली बाजू कुणी घेतली का ते बघत असतं. आणि आधी आपण घरात करतो ती तुलना थांबवा, 'ताई बघ कशी' वाली. ताईलाही ते जड जातं, तिला सतत ताईच राहावं लागतं.

१२. बक्षीस तरी चालेल का?

अधूनमधून आनंद म्हणून घेऊन दिलं तर काही बिघडत नाही. 'नव्वद पाडलेस तर सायकल' हा मात्र सौदा आहे, त्यात एकोणनव्वदची भीती आपोआप येते.

१३. मी शिक्षिका आहे. दोघी मिळून चार वर्ग, वर माहिती भरायचा तगादा. हे सगळं ऐकायला छान आहे हो, पण कधी करू?

तुमचा थकवा खरा आहे आणि घाबरलेल्या शिक्षकाकडून निर्भय वर्ग मागणं हा अन्याय आहे, हे आधी मान्य. पण एक वर्ग-एक इयत्ता हा हट्ट सोडला तर बहुवर्गाचं ओझं कमी होतं. ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने लहान खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी कार्डांची आणि शिडीची पद्धत बसवली, प्रत्येक मूल आपल्या पायरीवरचं कार्ड उचलतं, झालं की पुढच्या पायरीवर, कुणी मागे पडला असं होतच नाही कारण सगळे एका रांगेत नसतातच. पुढे इतर राज्यांनीही ती उचलली. सगळं नाही तर एक विषय असा करून बघा. बाकी दोन गोष्टींना वेळ लागत नाही, मार्क मोठ्याने न वाचणं, आणि 'मला कळलं नाही' म्हणणाऱ्या मुलाला थँक्यू म्हणणं.

१४. पाचवी-आठवीला आता नापास करतात म्हणे. मग स्कॉलरशिप, नवोदय, सगळ्यालाच बसवू का? की शाळाच सोडवू आणि घरी शिकवू?

तीन वेगळे प्रश्न आहेत. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुन्हा परीक्षेची संधी, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. शाळेतून काढता येत नाही.

नवोदयला सहावीसाठी जिल्ह्याला ८० जागा, शिक्षण-राहणं फुकट, मुलाची स्वतःची इच्छा असेल तर जरूर बसवा. फक्त आधी विचारा की घरापासून लांब राहायचंय का, आणि उत्तर नाही आलं तर ते नाहीच धरा.

घरी शिकवणं: कायद्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे, न घातल्यास शिक्षा मात्र ठेवलेली नाही. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, वर्षातून दोनदा परीक्षा, पाच वर्षांत नऊ संधी. राज्य बोर्डाची परीक्षा बाहेरून द्यायचा १७ नंबरचा फॉर्मही आहे. पण वाडीत घरं चार, समवयस्क पोर एकही नाही, अशा ठिकाणी शाळा सोडवली तर मूल एकटं पडतं. मला विचाराल तर आधी शाळा बदलून बघा.

१५. मी मुंबईत, मुलगा गावी आजी-आजोबांकडे. आजोबा हात उचलतात, आणि बोललं की 'तुला मीच वाढवला ना' म्हणतात.

फोनवर यावर बोलू नका, फोनवर फक्त वाद होतो. सुट्टीत गावी गेल्यावर, मुलगा समोर नसताना, आजोबांना आधी विचारा की त्यांना कसली काळजी वाटते. बहुतेक उत्तर येतं की या वयात पोर हाताबाहेर गेलं तर तुमच्या तोंडावर काय सांगू. ती त्यांची भीती आहे आणि ती खरी आहे, तिला धरून बोला, 'आप्पा, काही झालं तर जबाबदारी माझी, तुमच्यावर येणार नाही.' मग एकच मागा, हात नको. बाकी ओरडणं, जुन्या सवयी यांवर त्याच दिवशी बोलू नका. मुलाशी रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि त्यात 'अभ्यास झाला का' हा पहिला प्रश्न नको. नवरा किंवा सासूबाईंना हे पटत नसेल तरी वाट हीच.

१६. मुलगा सकाळी पोटात दुखतं म्हणतो, शाळेचं नाव काढलं की रडतो. नाटक आहे का?

नाटक धरून सुरुवात करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. दुखणं सुट्टीच्या दिवशी येत नसेल तर शाळेत, वाटेवर किंवा गाडीत काहीतरी आहे. एका बैठकीत सगळं काढून घ्यायला जाऊ नका. चालता चालता, काम करता करता विचारा, कोण बाजूला बसतं, मधल्या सुट्टीत कुठे असतोस, कुणाजवळ जायला नको वाटतं. मोठ्या मुलांची दादागिरी असेल, वाचता येत नाही म्हणून लाज वाटत असेल (अक्षरं उलटी-सुलटी दिसत असतील, फळा नीट दिसत नसेल, हे तपासून घ्या), किंवा घरातली भांडणं बघून आईला एकटं सोडायची भीती असेल. शाळेशी बोलून काही दिवस अर्धा वेळ, ओळखीच्या बाईंसोबत, असं सुरू करता येतं. पूर्ण बंद केलं तर परत जाणं अवघड होतं.

अंगाला नको तिथे हात लावणं, धमकी, असं काही मुलाने सांगितलं तर पहिलं वाक्य 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही' एवढंच. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, समोरच्याला जाऊन जाब विचारू नका, गावात मिटवू नका. पोक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांत तक्रार करा, १०९८ हा मुलांसाठीचा फुकट नंबर चोवीस तास चालू असतो, मूल स्वतःही लावू शकतं. मनावर ताण दिसत असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं.